उजेडाला पाणी

जव्हारला मी एका इलेक्ट्रिकच्या दुकानात बल्ब दुरुस्त करते. उन्हाळा लागला की तिथे एक तक्रार हमखास येते. माणूस पिशवीतून एलईडी बल्ब काढतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "हा लुकलुकतो." मी तो होल्डरला लावते तर बल्ब ठणठणीत. मग तो माणूस माझ्याकडे असा बघतो, जणू मीच त्याला चारचौघांत खोटं पाडलं. दुखणं बल्बात नाही, तुझ्या घरात आहे, हे पटवून देताना माझा पारा चढतो. मालक म्हणतात, तुझ्या हाताला गुण आहे, पण तोंडाला लगाम नाही. खरं आहे. आयटीआयला वायरमनच्या वर्गात मी एकटी मुलगी होते. तोंड चालवलं नसतं तर पक्कडसुद्धा माझ्या हाती आली नसती.

असाच एक बल्ब माझ्या सासरी, सूर्यमाळच्या एका पाड्यावर, लुकलुकत होता. त्याची तक्रार मात्र माझ्याकडे कोणी केली नव्हती.

मी आणि नवरा जव्हारला राहतो. पाड्यावर सासू-सासरे दोघंच. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कान शाबूत, डोकं शाबूत, आणि थट्टेखोर स्वभाव तर पहिल्यापेक्षा जास्तच शाबूत. आधी हा माणूस म्हणजे अख्ख्या पाड्याचा बोलघेवडा. लग्नात, बारशात, कोणाच्या शेतावर लावणी असली तरी बांधावर बसून यांचं आपलं चालूच. देवाने नेमकी त्यांचीच वाचा न्यावी, याचा मला अजूनही राग येतो.

पण गप्प बसतील तर ते सासरे कसले? त्यांनी डाव्या हाताची भाषा काढली. चिमूट म्हणजे मीठ, दोन बोटं चालवली की शेळ्या, तळहात कपाळावर म्हणजे नाशिककडे कामाला जाणारा मुलगा, माझा नवरा. आणि मी? हवेत बल्ब पिळायचा, की मी. हाताने नुसता विषय कळायचा, खरं बोलणं चेहऱ्यावर असायचं. भुवया वर गेल्या की प्रश्न, एक डोळा बारीक झाला की टोमणा, ओठ मुडपले की समजावं आता कोणाची तरी फजिती सांगताहेत. हे सगळं झरझर वाचणारं माणूस एकच होतं, माझी सासू. मला दहातलं एखादं कळायचं.

दिवसा त्यांच्या वाट्याला बोलणं येत नसे. सासू पहाटे विहिरीवर, मग शेळ्या, मग मजुरीचं काम, मग पुन्हा पाणी. आमच्याकडे मे महिन्यात बाईचं अर्धं आयुष्य हंड्याखाली जातं. ती घरी टेकायची ती दिवस मावळताना. तेव्हा सासऱ्यांच्या खाटेशी बसून भाकरी थापताथापता त्यांची गप्पांची बैठक व्हायची. कुडाच्या भिंतीचं घर, खिडकी नावाला, आत दुपारीही अंधार. त्यामुळे त्या बैठकीचा सगळा भार वाशाला टांगलेल्या एका बल्बावर होता.

त्या मे महिन्यात नवऱ्याचं काम नाशिकला लांबलं, म्हणून मी दुकानातून सुट्टी घेऊन पाड्यावर राहायला गेले. उन्हाळ्यात तिथे मुक्काम करायची माझी पहिलीच वेळ. पहिल्या संध्याकाळी बल्ब लावला, तर तो पिवळट, मरगळलेला. मध्येच लुकलुकायचा, मध्येच इतका मंद व्हायचा की सासऱ्यांचा हात दिसायचा पण चेहरा नाही. सासू पुढे वाकून वाकून बघत होती. "काय? काय म्हनतोस? परत कर." ते परत करायचे. तिसऱ्यांदा विचारलं की ते हात खाली टाकायचे आणि भिंतीकडे बघायचे.

मी म्हटलं, "आये, हे कधीपासून?"

"होळीपास्नं," ती म्हणाली. "दर वर्साला नाय, याच वर्साला. उन्हाळ्यात पानी आटतां नं, तसा उजेड पन आटला."

मला हसू आलं. म्हटलं, आये, विजेला काय झरा आहे का आटायला? तीही हसली, आणि उठून मागच्या दाराने बाहेर गेली. थोड्या वेळाने बल्ब आपोआप उजळला. चांगला पांढरा स्वच्छ. मी मनात म्हटलं, व्होल्टेज आलं वाटतं.

सकाळी उठून घरामागे गेले तर न्हाणीच्या पलीकडे, कुडाला लागून, एक नवीनच ठिकाण. गोल मांडलेले दगड, मध्ये जमिनीतून वीतभर वर आलेलं लोखंडाचं टोक, आणि भोवतीची माती ओली. अख्ख्या पाड्यावर प्यायला पाणी नाही आणि इथे ओली माती! सासऱ्यांच्या दुखण्यासाठी सासूने काही नवस बोलला असणार, असं मी धरून चालले. सून म्हणून विचारायचा संकोच वाटला. येता-जाता मी त्या टोकाला हात जोडू लागले. एकदा तर चप्पल काढून.

बल्बाच्या मागे मात्र मी लागले. आमच्या धंद्यात सोप्यापासून सुरुवात करायची असते. जव्हारहून आणलेला नवा बल्ब लावला, तोही तसाच मरगळला. होल्डर उघडला, आतली पितळी टोकं चुलीच्या धुराने काळी झाली होती, ती घासली. बटण बदललं. हाताने पीळ देऊन जोडलेली वायर सोडवून नीट जोडली, वर टेप मारली. कुडाच्या कारवीच्या काड्यांतून गेलेली वायर उंदरांनी कुठे कुरतडली का तेही चाचपलं. सासरे खाटेवरून सगळं बघत होते आणि दर वेळी बटण दाबून उजेड तसाच निघाला की एक डोळा बारीक करत होते. तो टोमणा मलाही कळत होता.

शेवटी टेस्टर काढला. वीज एका तारेने घरात येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. येणाऱ्या तारेवर टेस्टर पेटतो, परतीच्या तारेवर पेटायला नको. मी येणाऱ्या तारेला लावला, पेटला. परतीच्या तारेला लावला, तिथेही मिणमिणला. परतीची वाट कुठेतरी अडली होती.

ती तार मी बोटाने धरून माग काढत गेले. वाशावरून खाली, कुडावरून खाली, जमिनीशी एका भोकातून बाहेर. मागच्या दाराने धावत जाऊन बघते तर ती तार दगडांच्या गोलात शिरलेली, आणि लोखंडाच्या त्या टोकाला करकचून गुंडाळलेली. मोडकी पहार होती ती. मी इतके दिवस पहारीला नमस्कार करत होते.

सासू हंडा उतरवत होती. मी ओरडलेच, "आये, हा काय देव आहे?"

ती गोंधळली. "देव? लाईटीचां हाय तां."

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. दिवाळीनंतर वाऱ्याने झाडाची फांदी पडून खांबावरून घरात येणारी परतीची तार तुटली होती. शेजारचा दीर मुंबईला बिल्डिंगच्या साइटवर काम करतो, तो तेव्हा गावी आला होता. तिकडे ऐकलेलं ज्ञान पाजळत तो म्हणाला, "न्यूट्रल टूट गया तो क्या, जमीन है ना." आणि परतीची तार त्याने पहारीला बांधून पहार जमिनीत ठोकली. वीज आता जमिनीतून परत जाऊ लागली. हा प्रकार आमच्या डोंगरात बऱ्याच घरांत चालतो, त्याला कोणी चूक मानत नाही. हिवाळाभर जमीन ओली, तोवर बल्ब झकास. होळीनंतर माती वाळून दगड झाली. सुक्या मातीतून वीज जाणार कशी? उजेड आटत गेला. सासूचा शब्द अक्षरशः खरा होता आणि मी त्याला हसले होते.

"पाणी टाकायचं तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोन सांगतां? एक दिस भांडी घासलेला पानी हथं टाकला, त आत उजेड वर आला. मना वाटला, सहज. दुसरे दिशी पानी तिकडं टाकला, नाय आला. परत हथं टाकला, आला. मंग समजला, याला तहान लागतं."

आमचे सर वर्गात हेच सांगायचे, अर्थिंगचा खड्डा ओला ठेवा. पण वर्गात नळ होता. या बाईने ते पाणी कुठून काढलं ते ऐकून माझा सगळा राग वितळला. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी गाळून आपले हातपाय धुवायला, आणि तेच पाणी पातेल्यात धरून संध्याकाळी उजेडाला. आंघोळ तिने चार-पाच दिवसांआड नेली होती. एकाच पाण्याला तिने चार जन्म दिले होते. आणि हे कशासाठी, तर नवऱ्याच्या भुवया दिसाव्यात म्हणून. माझ्या सासूइतकी शहाणी आणि इतकी वेडी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण कौतुक पुरतं व्हायच्या आत मला तिचे पाय दिसले. अनवाणी, ओल्या मातीत.

"आये, पाणी टाकताना कधी काही होतं? झटका वगैरे?"

"झटका नाय. जरा मुंग्या येतात पायाला. वय झालां नं माझां."

"आणि शेळ्या?"

"शेळ्या हथं येत नायत. त्या येऊ नये म्हनून तं दगड मांडलं, एक पाट उडालं तवा."

शेळीचं पिल्लू झटक्याने उडालं होतं, आणि हिने आपल्या मुंग्या वयाच्या खात्यात टाकल्या होत्या. मी आत गेले, मेन बंद केला, बाहेर येऊन पक्कडीने पहारीवरची तार कापून टाकली. वायरमन म्हणून मी दुसरं काही करूच शकत नव्हते. उद्या घरात कोणी पंखा लावला असता, मिक्सर लावला असता, तर त्या ओल्या मातीत ती उभी राहिली तशीच आडवी झाली असती. हे मी तिला समजावलं. रागातच समजावलं, कारण मी घाबरले होते.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे आज उजेड नाय."

"आज नाही. खांबावरून तार जोडून घ्यावी लागेल."

"मना मुंग्या आल्या त येऊ द्यायच्या होत्या," ती म्हणाली. "तू त्याचां बोलनां बंद केलांस."

मी खाली बसून कापलेल्या तारेच्या टोकाला टेप गुंडाळू लागले.

त्या संध्याकाळी घरात चुलीचा जाळ तेवढा. मी मोबाइलची बॅटरी लावून सासऱ्यांच्या चेहऱ्यावर धरली. त्यांनी डोळे मिटून मान फिरवली. बरोबरच होतं त्यांचं. सुनेने तोंडावर बॅटरी धरून उभं राहायचं आणि त्यांनी बायकोशी बोलायचं, असं कुठे होतं का? मी बॅटरी बंद केली. सासू खाटेशी बसून त्यांचा हात हातात घेऊन बोलत होती, विहिरीवर काय झालं, कोणाची शेळी हरवली. ते ऐकत होते. हात दाबला म्हणजे पाणी हवंय, एवढं तिला अंधारात कळायचं. पण विहिरीवरच्या भांडणात चूक कोणाची, यावर त्यांचं मत काय, ते हात दाबून कसं सांगणार? ती बोलायची आणि थांबायची, आणि त्या थांबण्यात काहीच येत नव्हतं. मी ओट्यावर बसून ते ऐकलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

सकाळी पहिल्या जीपने मी मोखाड्याला गेले. बाजाराचा दिवस, जीपमध्ये माणसं, कोंबड्या, सगळं एकमेकांच्या मांडीवर. लाइनमन आधी जागेवर सापडला नाही, मग सापडला तर दुसऱ्या गावाला निघालेला. मी त्याच्या मोटरसायकलपुढे उभी राहिले. म्हटलं, मीही वायरमन आहे, काय झालंय ते तुला दोन वाक्यांत सांगते. तार पहारीला बांधली होती म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. सासू त्यावर पाणी घालायची म्हटल्यावर हसला. आणि कशासाठी घालायची ते सांगितल्यावर त्याने मोटरसायकल बंद केली. आज त्या गावचा डीपी बंद आहे, अख्खं गाव अंधारात, तिथे जावंच लागेल, उद्या दुपारी येतो, म्हणाला. मी म्हटलं, उद्या म्हणजे उद्याच. तो म्हणाला, "बाई, मी डोंगरातलाच आहे. उद्या म्हणजे काय, ते मला कळतं."

म्हणजे आणखी एक संध्याकाळ अंधारात गेली. त्या संध्याकाळी सासू बोललीसुद्धा नाही. नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी लाइनमन आला, भर उन्हात आला. पाड्यावरची सगळी बायकामाणसं जमली. त्याने खालून लाइन बंद करून घेतली, दोनदा तपासली, आणि शिडी लावून तापलेल्या खांबावर चढला. लोखंड इतकं तापलेलं की त्याने पंजांना रुमाल गुंडाळले होते. तक्रार नाही, कुरकुर नाही, वरूनच पाड्याच्या पोरींची थट्टा चाललेली. मी खालून नवी तार वर दिली, त्याने ती ताणून बांधली, सांधा तीन वेळा ओढून पाहिला. काम करणाऱ्या माणसाकडे बघत राहावं असं मला वाटतं, आणि तो माणूस बघत राहण्यासारखाच होता. उतरल्यावर सासूने त्याला तांब्या भरून पाणी दिलं, काठोकाठ. तो थोडं पिऊन परत देऊ लागला तर तिने घेतला नाही. "सगळा पी," म्हणाली.

घरातली जोडणी मी केली. पहार उपटून काढली. ती उपटायलाच जास्त वेळ लागला, जमीन इतकी घट्ट. मग टेस्टर लावला. येणाऱ्या तारेवर पेटला, परतीच्या तारेवर गप्प. मी तीन-चार वेळा लावून पाहिला, नुसत्या आनंदाने.

दिवस मावळायला बटण दाबलं. बल्ब लागला आणि लागलेलाच राहिला. मी मुद्दाम शेजारून पंखा मागून आणला, तोही लावला. बल्ब हलला नाही. घरात एवढा उजेड मी पहिल्यांदाच पाहत होते, कुडाच्या सारवणात उमटलेली बोटंसुद्धा दिसत होती. सासरे खाटेवर उशीला टेकून बसले होते. त्यांनी आधी बल्बकडे पाहिलं, मग मला पाहून हवेत बल्ब पिळला आणि छातीवर हात ठेवला. तेवढं मला कळलं. मी भाजी निवडायला ओट्याच्या दाराशी जाऊन बसले, तिथून आतलं दिसत होतं.

मग त्यांनी सासूकडे तोंड केलं, आणि तो डावा हात सुटला. इतका भराभर चालताना मी तो कधी पाहिला नव्हता. बोटं चालली, मूठ आपटली, भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. शेळी कळली, पाणी कळलं, पाय कळले, बाकी काही नाही. चेहरा लालबुंद. मी घाबरून विचारलं, "आये, बा काय म्हणताहेत?"

"भांडतो," सासू म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर असं हसू की काय सांगू. "होळीपास्नं साचलां हाय त्याचां."

मला वाटलं आता ही तोंड उघडणार. सासूचं तोंड पाड्यावर नावाजलेलं, विहिरीवर तिच्याशी वाद घालायला कोणी धजत नाही. पण ती बोलली नाही. तिने ओठ घट्ट मिटले, उजवा हात पदराखाली घेऊन मांडीखाली दाबला, आणि डाव्या हाताने उत्तर देऊ लागली. सवय नसलेला तो हात अडखळत होता, बोटं चुकत होती, आणि सासरे तिची चूक पकडून आणखी जोरात हात चालवत होते.

मला राहवलं नाही. "अगं आये, तुला तर बोलता येतं की!"

तिने मान वळवली नाही, त्यांच्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. "त्याला येत नाय नं," ती म्हणाली. "मंग भांडन बराबरीचां कसां होईल?"

त्या संध्याकाळी सासरे जिंकले.